बारा लॅपटॉप, एक खातं

९ सप्टेंबर, मंगळवार

आज दुपारी सव्वाबारा वाजता माझं आयुष्य बदललं. वेळ नक्की आहे, कारण दुकानाच्या मालकांनी, उद्धवरावांनी, डबा उघडला होता, आणि ते सव्वाबाराच्या आधी किंवा नंतर डबा उघडत नाहीत.

दुकानाच्या दारात एक मुलगी उभी राहिली. गोणीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं रिक्षावाल्याच्या. म्हणाली, "जुने लॅपटॉप दुरुस्त होतात का इथं?"

"होतात," मी म्हणालो. गोणीत काय आहे ते न बघताच म्हणालो. उद्धवराव घास तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

गोणीत पंधरा लॅपटॉप. वहीएवढे. लॉकडाऊनमध्ये पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेले आणि आता पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीनं भंगारात काढलेले. दोन जीबी रॅम. अपडेट घेता घेता पोट फुगून मेलेले. एरवी असली मशीनं आम्ही हातात धरत नाही.

तिचं नाव दिव्या. परभणीची, इथं कासारवाडीत मावशीकडं राहते. स्टेशनमागं एक ट्रस्ट आहे, त्यांच्या वरच्या खोलीत बायकांना कॉम्प्युटर शिकवायचा वर्ग काढलाय. फक्त कॉम्प्युटर नाहीत. ट्रस्टची अट अशी, की दसऱ्यापर्यंत रोज दहा तरी बायका आल्या तर खोली वर्गाला, नाहीतर जिमला. आणि खोली गेली तर तिचे वडील तिला परभणीला परत नेणार. हे सगळं तिनं उद्धवरावांना सांगितलं. मला वाटतं, मलाच सांगितलं.

"शनिवारपर्यंत देतो," मी म्हणालो.

ती गेल्यावर उद्धवरावांनी तो घास एकदाचा खाल्ला. "गणराज, आरं ही काय मशीनं हायेत व्हय? पाटीपेन्सिल बरी ह्यांच्यापरीस."

कॉलेज सोडून मला दीड वर्ष झालं. सेकंड इयरला हजेरीवरून सरांशी वाजलं, जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि निघून आलो. तेव्हापासून आबा माझ्याशी आईमार्फत बोलतात. पण आज पहिल्यांदा वाटलं, सोडलं ते बरं केलं. नाहीतर सव्वाबाराला मी वर्गात बसलेला असतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

जमलं!

जुनी जड सिस्टीम पुसून टाकली आणि हलकी टाकली, नेटवर चालणारी. तिच्यात काही नाहीच. एक ब्राउझर आणि खाली पाच चित्रं. लॅपटॉपमध्ये काही साठवायचं नाही, सगळं नेटवर आपल्या खात्यात. पेन ड्राइव्ह लावला, एक वडापाव खाल्ला, तेवढ्यात मशीन तयार. बटण दाबलं तर बारा सेकंदांत उभं! मी एवढा ओरडलो की शेजारचा टायरवाला बघायला आला.

उद्धवरावांनी ते बंद करायला लावलं, परत चालू करायला लावलं आणि स्वतः घड्याळ धरून बसले. "बारा शेकंद. माझा चष्मा घावायला याच्यापेक्षा जास्त लागत्यात." मग त्यांनी सिस्टीमला नावच ठेवलं: फुलका. "हलका हाय आन् लगेच फुगतोय."

पंधरातले तेरा उठले. बारा वर्गाला. तेराव्याचं झाकण तडकलंय, तो उद्धवरावांनी मला दिला. ही दैनंदिनी त्यावरच लिहितोय. खालच्या चित्रांत एक 'वही' आहे, तिच्यात. परवाची नोंदही कागदावरून इथं उतरवून घेतली. कागद आईला सापडतो. इथं कुणाला काही सापडणार नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

नवा शर्ट घालून गेलो. तर तिथं आधीच मिहिर. मिहिर म्हणजे पिंपळे सौदागरच्या त्या सोसायटीतला आयटीवाला, लॅपटॉप यानंच गोळा करून दिलेत. आज वायफायचा डबा बसवायला आला होता. अंगाला असा सेंट की जिन्यातच माझं डोकं चढलं. आणि दिव्या त्याच्याशी हसून बोलते.

बायका आठच. सगळ्यांत पुढं भिमाबाई. या आबांच्याच कंपनीत, चाकणला, कॅन्टीनमध्ये पहिल्या शिफ्टला पोळ्या लाटतात. मी फळ्यावर चित्र काढून सांगितलं, "लॅपटॉप म्हणजे नुसती खिडकी. सामान सगळं वर, नेटवर. आपलं खातं कुठल्याही खिडकीत उघडा, तेच सामान दिसणार."

"छान सांगितलंत," दिव्या म्हणाली. छान!

मग प्रत्येकीचं खातं काढायला बसलो आणि घोडं अडलं. फोन नंबर बहुतेकींचे नवऱ्याचे नाहीतर पोराचे. नवरे शिफ्टवर, आणि कंपनीत फोन गेटवर जमा करावा लागतो. म्हणजे ओटीपी चाकणच्या गेटवर लॉकरमध्ये वाजत बसणार. मिहिर हसला. मिहिर हसला म्हणून माझं डोकं सणकलं. "पाच मिनिटं द्या," म्हणालो आणि बाराही लॅपटॉपवर माझंच खातं घालून टाकलं. दुकानात टेस्टिंगला आम्ही असंच करतो. पासवर्डची भानगड नाही, झाकण उघडलं की चालू.

"सगळ्यांना एकच खातं चालेल?" दिव्यानं विचारलं.

"चालेल हो. आठवड्यात वेगवेगळी करून देतो."

निघताना ती म्हणाली, "सोमवारपासून टायपिंगचा सराव घेते. ते 'वही'चं चित्र आहे ना, त्यात." मी म्हणालो, "बेस्ट." माझं लक्ष तिच्या डोळ्यांकडे होतं, काय म्हणाली ते घरी येऊन आठवून लिहितोय.

१५ सप्टेंबर, सोमवार

दिव्या हसते तेव्हा आधी एकच गाल हसतो, डावा. दुसरा जरा विचार करतो आणि मग येतो. हे जगात कुणाला माहीत नसेल.

आज मिहिरशी जिन्यात वीस मिनिटं बोलत होती. मी मोजली. त्याच्याशी भांडावं असं फार वाटलं, पण भांडायला कारण सापडेना. तो मला 'भावा' म्हणतो आणि चहाचे पैसे आधी देतो.

खरं काय ते लिहून टाकतो. मी कोण? कॉलेज सोडलेला, नाशिक फाट्याच्या पुलाखालच्या दुकानातला. तो पिंपळे सौदागर, चौदावा मजला. मी सांगायचं काय आणि कुठल्या तोंडानं?

भिमाबाईंनी चहा दिला. सहाशे माणसांच्या पोळ्या करणाऱ्या बाईचा चहा असा कसा? नुसतं गोड पाणी.

१६ सप्टेंबर, मंगळवार

कालच्या नोंदीखाली 'कककककक मममम' असं काहीतरी आलंय. बटण अडकतंय. कीबोर्ड उघडून ब्रशनं साफ केला.

भिमाबाईंनी आज आलं घालून कडक चहा केला. कप पुढं करून म्हणाल्या, "घे लेकरा. आज पाणी नाही." दोन कप प्यालो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

अकरा बायका! आणि वेळेच्या आधी. दार उघडायच्या आत जिन्यात रांग. दार उघडलं की रेशनच्या दुकानात घुसावं तशा लॅपटॉपकडं. भिमाबाई आधी अक्षराला अक्षर जुळवत वाचायच्या, आता अख्खी ओळ सलग वाचतात, असं दिव्या सांगत होती. सांगताना का कोण जाणे लाल झाली.

मी उद्धवरावांना म्हणालो, "बघा फुलक्याची किमया. जड सिस्टीम असती तर चालू होईस्तोवर बायका कंटाळून घरी गेल्या असत्या."

"व्हय, व्हय," ते म्हणाले. "वाचायला बी कायतरी चांगलं घावलं असंल."

फक्त एक कळत नाही. मी आत गेलो की बाराही झाकणं एकदम खाली होतात. नवीन आहेत, लाजत असतील.

२० सप्टेंबर, शनिवार

मिहिर दुकानात आला. म्हणे चार्जर बघायचाय. चार्जरकडे बघितलंही नाही. काउंटरवर बोटं वाजवत म्हणाला, "भावा, एक सांगायचं होतं. माझं लग्न ठरलंय. फेब्रुवारीत. मुलगी साताऱ्याची."

"अभिनंदन," मी म्हणालो.

"हां. म्हणजे, तुला लवकर कळलेलं बरं, म्हणून." आणि गेला.

आज सेंटही लावला नव्हता. काय दिलदार माणूस! मला आधी कसं कळलं नाही? येताना स्टेशनपर्यंत शिट्टी वाजवत आलो. माझ्या शिट्टीला कधी चाल नसते, आज होती.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज सांगणारच होतो. वर्ग सुटल्यावर जिन्यात गाठलं. ती दोन पायऱ्या वर, मी खाली. तोंडातून निघालं, "वायफाय नीट चालतंय ना?"

"चालतंय," ती म्हणाली. मग थांबली. पायरी उतरली नाही. "अजून काही?"

"प्रिंटर?"

"प्रिंटर नाहीये आपल्याकडं."

"हां. नाहीच आहे."

वर दाराआडून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. भिमाबाईंचा आवाज वाटला. पोळ्या लाटून हात भरून येत असतील बिचारीचे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

रोज बाराच्या बारा बायका येतात, तरी ट्रस्टचे मधुसूदनराव खूश नाहीत. आज रजिस्टर चाळत म्हणाले, "सह्या काय कुणीही करेल. बायांना येतं काय, ते मी सोमवारी बघणार. असल्या खेळण्यातल्या लॅपटॉपवर कोण काय शिकतंय?" जिमवाला खोलीची लांबी-रुंदी मोजून गेलाय.

मी काही बोललो नाही. म्हणजे दोनच वाक्यं बोललो. त्यातलं एक मोठ्यानं.

नंतर दिव्या माझ्यावर चिडली. "तुमच्या या रागाचं काय करायचं हो मी? त्यांनी खोली नाही दिली तर मला जावं लागेल. मावशीनं माझी बॅग माळ्यावरून खाली काढून ठेवलीय. कळतंय का?"

कळतंय. जर्नल आपटलं तेव्हा कॉलेज गेलं. आता तोंड उघडलं तर दिव्या जाईल. सोमवारी मी तोंड उघडणार नाही. देवाशप्पथ.

२९ सप्टेंबर, सोमवार

हे दुकानातल्या दुरुस्तीच्या जॉबकार्डाच्या पाठीवर लिहितोय. का ते लिहितो.

मधुसूदनराव आले आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला खुर्ची ओढून बसले. म्हणजे त्यांना लॅपटॉपची पाठ दिसत होती. मी भिमाबाईंच्या मागं उभा. दिव्या फळ्यापाशी, हातात खडू, खडूचा भुगा झालेला.

"हं, आजी. उघडा काहीतरी आणि वाचून दाखवा."

भिमाबाईंनी सवयीनं 'वही'चं चित्र दाबलं. आणि समोर अक्षरं आली: 'आज सांगणारच होतो. वर्ग सुटल्यावर जिन्यात गाठलं.'

माझी अक्षरं. माझी. मी पडदा वाचला, परत वाचला. शेजारच्या कस्तुराताईंच्या पडद्यावर बघितलं. 'दिव्या हसते तेव्हा आधी एकच गाल हसतो.'

"वाचा की," मधुसूदनराव म्हणाले.

भिमाबाईंनी चष्मा सारखा केला आणि माझ्या नोंदीवर बोट फिरवत मोठ्यानं वाचायला लागल्या. "दिनांक एकोणतीस सप्टेंबर. आज कॅन्टीनला पोळ्या सहाशे. भाजी दुधीची. दुधी कुणी खात नाही, पण मॅनेजरला कोण सांगणार?"

"हे तुम्ही स्वतः लिहिलंय?"

"मग काय तुमी?" आणि बोट पुढच्या ओळीवर. "आमच्या मॅडम लई गुणाच्या आहेत. मशीनं नीट करणारं पोरगं बी गुणाचं आहे. जरा तापट आहे. आन् जिन्यात भित्रं आहे."

मधुसूदनराव मान डोलवत कस्तुराताईंकडं वळले आणि त्यांना स्वतःचं नाव टाइप करायला सांगितलं. कस्तुराताईंनी नाव टाइप केलं, पुढं ट्रस्टचा पत्ताही केला. मधुसूदनरावांनी काय ठरवलं ते मी बघायला थांबलो नाही. तोंड उघडलं नाही एवढं मात्र खरं.

३० सप्टेंबर, मंगळवार

दुकानात गेलो नाही.

आता सगळं कळतंय. आल्याचा चहा. मिहिरचं लग्न. 'कककक मममम'. 'अरे देवा'. उद्धवरावांनासुद्धा माहीत होतं! दुकानातल्या टेस्टिंगच्या मशीनवरही माझंच खातं. रोज वेळेच्या आधी रांग लावत होत्या ती फुलक्यासाठी नव्हे. माझं मन दोन आठवडे हप्त्याहप्त्यानं वाचत होत्या, आणि दिव्या त्यांना वाचायला शिकवत होती.

आणि राग कुणावर काढू? खिडकी आणि सामान, असं फळ्यावर चित्र काढून मीच शिकवलं होतं. 'छान सांगितलंत.'

उद्या खातं कायमचं पुसून टाकणार. दुकान सोडणार. आबांच्या कंपनीत हेल्परचं काम बघणार. तिथं फोनसुद्धा गेटवर जमा करतात, तेच बरं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

खातं पुसायला लॅपटॉप काढला, तेवढ्यात आबा शिफ्टवरून आले. कंपनीत आज मशीनची पूजा असते. हातात झेंडूचा हार. माझ्यासमोर उभे राहिले आणि आईला न सांगता थेट मला म्हणाले, "तुझं मशीन कुठाय? हार उरलाय."

दीड वर्षानं.

पाटावर पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, आईची सुरी आणि मधोमध माझा तडकलेला लॅपटॉप. आबांनी हळदकुंकू वाहिलं, हार घातला. मी म्हणालो, "मला जरा एक काम होतं त्याच्यावर."

"पूजेला बसवलेल्या हत्याराला उद्यापर्यंत हात लावायचा नसतो."

"दोन मिनिटांचं आहे."

"कॉलेज पण दोन मिनिटांतच सोडलं होतंस." मग हार नीट करत, माझ्याकडं न बघता, "कॅन्टीनला भिमाबाई सांगत होती. मेलेली मशीनं उठवली म्हणे पोरानं. सगळ्या लाइनला सांगत होती."

माझे कान गरम झाले. "अजून काय म्हणाल्या?"

"अजून म्हणाली, पोरगी परभणीची आहे." आणि हात धुवायला गेले.

लॅपटॉप हारात. मी समोर बसून.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

ही नोंद परत वहीत लिहितोय, मुद्दाम. सोमवारपासूनची तिन्ही जॉबकार्डंही उतरवली. बाराही खिडक्यांत दिसू देत.

सकाळी हार काढला आणि खातं पुसायला लॅपटॉप उघडला. वहीत माझ्या नोंदींखाली एक नवी नोंद होती. माझी नाही. जशीच्या तशी राहू देतो:

'३० सप्टेंबर, मंगळवार. लिहिणार, दिव्या.

गणराज, तुझं मन वाचल्यावर तुला आता तुम्ही म्हणायला जमत नाही, म्हणून तू.

पंधरा तारखेला सरावासाठी वही उघडायला सांगितली तेव्हा आधी मी बघायला हवं होतं. मी फळा पुसून वळेपर्यंत कस्तुराताई मोठ्यानं वाचत होत्या आणि बाकीच्या गालाला हात लावून ऐकत होत्या. मी बंद करायला लावलं, रागावले. मग वर्ग सुटल्यावर दार लावून मीच सगळं वाचलं. दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडानं अडवणार? म्हणजे चूक बायकांची नाही, माझी. रोज ठरवायचे, उद्या सांगायचं. रोज वाटायचं, उद्याची एक नोंद वाचू आणि मग सांगू. माफ कर.

काही दुरुस्त्या. मिहिरशी मी वीस मिनिटं बोलले नाही, अकरा. आणि तुझ्याबद्दल. त्याचं लग्न तुला सांगायलाही मीच पाठवलं. "कॉलेज सोडलेला, पुलाखालचा" हे परत लिहिलंस तर बघ. आणि जिन्यात मी "अजून काही?" विचारलं ते प्रिंटरसाठी नव्हतं.

मधुसूदनरावांनी खोली दिली, वर्षभरासाठी. म्हणाले, आजींचं वाचन फार ओघवतं आहे. बॅग परत माळ्यावर टाकली. पण तू यायचा बंद झालास तर मी इथं राहून काय प्रिंटरची वाट बघू?

आता बायकांची खाती वेगळी करून दे, नाहीतर हेही वाचतील. वाचतच असतील. भिमाबाई, झाकण लावा.'

आणि त्याखाली एकच ओळ:

'लावलं बाई. भिमा.'

हे त्यांचं पहिलं टाइप केलेलं वाक्य. एकही अक्षर चुकलेलं नाही.

मी किती वेळा वाचलं ते लिहीत नाही. आईनं दोनदा विचारलं, पोटात दुखतंय का. हसत होतो, तर तिला ते कण्हणं वाटलं.

तर, सर्व बायकांसाठी सूचना. सोमवारी प्रत्येकीला वेगळं खातं मिळेल. ओटीपीसाठी मी स्वतः चाकणच्या गेटवर जाऊन उभा राहीन. माझा पासवर्ड आज संध्याकाळी बदलतोय, तोवर हे वाचून घ्या. कस्तुराताई, मोठ्यानं वाचलं तरी चालेल. उद्धवराव, मी दुकान सोडत नाहीये.

आणि दिव्या. जिन्यात सांगायचं होतं ते इथं लिहिणार नाही. खूप लिहून झालं. खिशात आपट्याची पानं आहेत, नवा शर्ट घातलाय, तुझ्या मावशीचं घर इथून सात मिनिटं. चालत. पळत गेलो तर चार.

आई विचारतेय, न जेवता कुठं निघालास. आबा म्हणाले, "जाऊ दे त्याला. श्रीखंड कुठं पळून जात नाही."

भिमाबाई, पुढचं या वहीत सापडायचं नाही. झाकण लावतोय. निघालो, आणि जाताना दार मी ओढून घेतोय.